पोत्यावर न छापलेला आकडा

गटारीच्या आदल्या आठवड्यात माझ्या मावसभावाच्या कोंबड्यांच्या शेडवर कंपनीची गाडी सांगितल्या वेळेला येते. श्रावण लागला की तीच गाडी चार-चार दिवस उशिरा येते. शेड त्याची, वीज-पाणी-मजुरी त्याची, पिल्लं आणि खाद्य कंपनीचं. पक्षी दोन किलोचा झाला तरी तो उचलायचा केव्हा, हे कंपनी ठरवणार. तोवर पक्षी खात राहतो, खाल्लेल्याच्या मानाने वजन धरत नाही, एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागलेल्या खाद्याचा हिशेब, बिघडतो आणि हिशेबाच्या दिवशी त्याची वजावट भावाच्या पैशातून होते. अशाच एका उशिराच्या आठवड्यात तो मला म्हणाला, "दादा, अख्खा महाराष्ट्र महिनाभर उपास करतो, तो माझ्या खर्चाने."

त्या महिन्यात जिवंत बाजारात न खपलेल्या पक्ष्यांपैकी काही, ज्या कंपन्यांचे स्वतःचे प्रक्रिया कारखाने आहेत त्यांच्या शीतगृहात जातात. उणे १८ अंशांवर ते मांस महिनोनमहिने पडून राहू शकतं. पुढे कधीतरी ते हॉटेलच्या टिक्क्यात, नगेटच्या पाकिटात, नाहीतर मोबाइलवरून मागवलेल्या डब्यात आपल्याला भेटतं. मला बोलायचं आहे ते या शीतगृहातल्या कोंबडीविषयी आणि तिच्या खाद्यात मिसळायच्या एका पिवळट पावडरीविषयी. पशुखाद्याच्या धंद्यातल्या चर्चासत्रांत आणि माहितीपत्रकांत एक वाक्य हमखास असतं: व्हिटॅमिन ई वाढवा, मांसाची प्रत सुधारते. वाक्य खोटं नाही. पण कुणाच्या ताटातल्या मांसाची आणि कुणाच्या खिशातून, हे त्यात येत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

आधी खवटपणाचं बोलू. खवट हा शब्द आपण खोबऱ्याच्या वाटीला, जुन्या शेंगदाण्याला, दिवाळी उलटल्यावर डब्याच्या तळाशी राहिलेल्या चिवड्याला वापरतो. कोंबडीला वापरत नाही, कारण कोंबडी खवट होण्याइतके दिवस आपल्या घरात कधी राहिलीच नाही. सकाळी कापली, दुपारी रस्सा, संध्याकाळी भांडं घासायला. (कोकणातल्या लोकांना मात्र मासळीचा हा प्रकार पाठ आहे. पावसाळ्यापर्यंत ठेवलेला सुका बांगडा पिवळा-तांबूस पडतो आणि त्याचा वास बदलतो, तो खवटपणाच.) कोंबडीची चरबी बोटाला लावून पाहा, ती बोटाच्या उबेने वितळते. बोकडाची गोठून चिकटून बसते. चरबी जितकी पातळ, तितकी ती असंतृप्त, आणि तितकी ती ऑक्सिजनच्या तावडीत लवकर सापडते. एका मेदाम्लाचा एक हायड्रोजन निसटला की तो शेजाऱ्याचा ओढून घेतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. ही ओढाओढ पेशीच्या पापुद्र्यात सुरू होते आणि थांबायचं नाव घेत नाही. शेवटी जे तुकडे पडतात त्यांचा वास आपल्याला येतो. थंडी ही साखळी मंद करते, तोडत नाही. जंतूंची वाढ उणे १८ वर थांबते, खवटपणा मात्र मुंगीच्या पावलाने चालूच राहतो.

व्हिटॅमिन ई या साखळीत मध्ये पडतं. ते पेशीच्या पापुद्र्यातच बसलेलं असतं. आपला हायड्रोजन देऊन टाकतं आणि स्वतः मात्र पुढच्याचा ओढत नाही, साखळी तिथे तुटते. छातीच्या मांसापेक्षा तंगडीत चरबी आणि लोह दोन्ही जास्त, आणि लोह ही ओढाओढ भडकवतं. म्हणून लेग पीस आधी बिघडतो, छाती नंतर. खिमा केला, मीठ घातलं, शिजवून थंड केलं आणि पुन्हा गरम केलं की प्रकरण आणखी लवकर हाताबाहेर जातं. आदल्या दिवशीच्या साध्या उकडलेल्या चिकनला दुसऱ्या दिवशी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. त्या वासाला इंग्रजीत स्वतंत्र नाव पडलं आहे आणि टिम्स व वॉट्स या संशोधकांनी १९५८ मध्ये शिजवलेल्या मांसातल्या या खवटपणावर लिहिलं, तेव्हापासून मांसशास्त्रात त्याचा पिच्छा पुरवला जातो आहे.

आपल्याकडे त्याला नाव नाही, आणि त्याचं कारण माझ्या समजुतीप्रमाणे आपला मसाला आहे. हळद, लवंग, लसूण, मिरे हे सगळे कमी-अधिक प्रमाणात हीच साखळी तोडणारे पदार्थ आहेत. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यात किंवा मालवणी वाटपात दुसऱ्या दिवशी चव "मुरते" असं आपण म्हणतो, त्यात चवीचा भाग किती आणि लवंग-हळदीने अडवलेल्या खवटपणाचा भाग किती, हे कुणीतरी एकदा मोजायला हवं. पण नगेटमध्ये तांबडा रस्सा नसतो.

आता प्रयोगशाळेकडे. कोंबडीच्या खाद्यात ई वाढवलं की मांस उशिरा खवट होतं, ही कुक्कुटशास्त्रातल्या अतिशय भक्कम गोष्टींपैकी एक आहे. मांसातल्या खवटपणाच्या एका अवशेषाची थायोबार्बिट्युरिक आम्लाशी क्रिया घडवली की गुलाबी रंग येतो, तो रंग मोजायचा. खाद्यात किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास ई दिलेल्या पक्ष्यांच्या मांसात हा रंग सातत्याने फिका येतो, साठवणुकीचे दिवस वाढले की फरक जास्तच ठळक होतो. टर्की हा पक्षी ई साठवण्यात कोंबडीपेक्षा कच्चा, त्यामुळे तिथे आणखी डोस लागतो. मांस कापल्यावर त्यात ई मिसळून तेवढा उपयोग होत नाही, कारण ते पापुद्र्यात जाऊन बसत नाही. ते जिवंत पक्ष्यानेच, आणि तेही काही आठवडे, खायला हवं.

ही शेवटची गोष्ट व्यवहाराच्या दृष्टीने सगळ्यात मोठी आहे. मांस टिकावं की नाही, हा निर्णय मांस अस्तित्वात येण्याच्या तीन-चार आठवडे आधी, खाद्याचा फॉर्म्युला ठरवणाऱ्या माणसाच्या संगणकावर होतो. तो पक्षी चौकातल्या दुकानात जाणार की शीतगृहात, हे तेव्हा ठरलेलं नसतं. निदान तसं सांगितलं जातं. मला ते फारसं पटत नाही. श्रावण कधी लागणार हे पंचांगात आधीपासून छापलेलं असतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि उपासाचे दोन महिने झाले, तेही अचानक घडलं नव्हतं. कोणत्या महिन्यातली बॅच गोठवावी लागेल याचा अंदाज ज्यांना बांधायचा आहे त्यांना बांधता येतो.

चर्चेत आकड्यांची मोठी सरमिसळ होते, ती आधी सोडवू. पहिला आकडा १०. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ च्या आपल्या तक्त्यात ब्रॉयलरची ई ची किमान गरज किलो खाद्याला १० एकक अशी दिली. कृत्रिम ई चं, म्हणजे अ‍ॅसिटेटचं, एक एकक म्हणजे एक मिलिग्रॅम. हा आकडा पक्षी आजारी पडू नये एवढ्यासाठी आहे, आणि तोही आजच्यापेक्षा सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याचा. दुसरा आकडा ५० ते ८० च्या पट्ट्यातला. ब्रॉयलरच्या जाती तयार करणाऱ्या कंपन्या आपल्या मार्गदर्शिकांत साधारण हा सांगतात. आजचा पक्षी पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलो होतो, त्याच्या शरीरावर ताण मोठा, लसींना प्रतिसाद नीट यावा, उन्हाळा सोसावा, म्हणून हा. तिसरा आकडा २०० चा, आणि त्याचा पक्ष्याच्या तब्येतीशी फारसा संबंध नाही. तो पक्षी मेल्यानंतरच्या दिवसांसाठी आहे. माहितीपत्रकात हे तिन्ही आकडे एकाच वाक्यात बसवलेले असतात. "रोगप्रतिकारशक्ती, उष्णतेचा ताण आणि मांसाची प्रत." वाचणाऱ्याला वाटतं, एकाच पावडरीच्या एकाच चमच्यात सगळं मिळतं.

पहिल्या आकड्याची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती खेड्यापर्यंत पोचलेली आहे, फक्त वेगळ्या नावाने. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना शुद्ध केलेल्या आहारावरच्या उंदरिणींना पिल्लं होत नाहीत असं दिसलं. लेट्यूसची पानं दिली आणि गर्भ टिकले. त्या अज्ञात घटकाचं पुढे नाव पडलं टोकोफेरॉल, म्हणजे ग्रीकमध्ये "अपत्य देणारं". १९३१ मध्ये पापेनहायमर आणि गेट्श यांनी कोंबडीच्या पिल्लांतला एक मेंदूचा विकार वर्णन केला. पिल्लू मान वाकडी करतं, मागे कोसळतं, पाय झाडतं. आपल्याकडे असं पिल्लू दिसलं की शेतकरी म्हणतो, मानमोडी आली. मानमोडी म्हणजे राणीखेत, तो विषाणूचा रोग, आणि तो खरोखर आला तर शेडच साफ करतो. पण खवट तेल घातलेल्या, ई कमी असलेल्या खाद्यानेही मान वाकडी होते, आणि त्यावर उपाय लस नसून खाद्य बदलणं हा असतो. भावाच्या शेडवर एकदा असा घोळ झाला होता. पिल्लं कशाने गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. सुपरवायझर म्हणाला राणीखेत, गावातले औषध दुकानदार म्हणाले ई-सेलेनियमची बाटली पाण्यातून द्या, आणि खाद्यात ई मुळात किती होतं हे सांगू शकणारं तिथे कुणीच नव्हतं.

ती बाटली त्याने स्वतःच्या पैशाने आणली. उन्हाळ्यात तो दरवर्षी आणतो, त्याच्या ओळखीतले सगळेच आणतात. विदर्भात पारा ४५ ला टेकतो तेव्हा पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकतो, खाणं सोडतो. त्या वेळी पाण्यातून क आणि ई देण्याला शास्त्राचा आधार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की पोत्यात आधीच किती आहे हे न कळता तो वरून ओततो आहे. कदाचित गरजेपेक्षा दुप्पट. कदाचित गरजेच्या निम्मंही नाही. करारात खाद्याची जबाबदारी कंपनीची आहे. मग खाद्याची कमतरता भरून काढणारी बाटली शेतकऱ्याची कशी? आणि पोतं पुरेसं असेल, तर बाटलीचे पैसे त्याने कशाला घालवायचे? एका छापील ओळीने हा प्रश्न सुटला असता.

आता पैशाचा हिशेब. पक्षी जन्मापासून उचलेपर्यंत साधारण सव्वातीन किलो खाद्य खातो, त्यातलं तीन किलो शेवटच्या चार आठवड्यांत. त्या काळात ई ५० वरून २०० वर न्यायचं म्हणजे पक्ष्यामागे ४५० मिलिग्रॅम जादा. बाजारातली पावडर पन्नास टक्क्यांची असते, म्हणून ९०० मिलिग्रॅम पावडर. भाव किलोला १००० रुपये धरला तर पक्ष्यामागे ९० पैसे. दोन किलोच्या पक्ष्यातून साधारण १ किलो ४०० ग्रॅम मांस निघतं, म्हणजे किलो मांसामागे पासष्ट पैशांच्या आत-बाहेर. गिऱ्हाईक म्हणून मला हा आकडा पाहून हसू येतं. कोथिंबिरीच्या जुडीत यापेक्षा जास्त फरक पडतो. पण एक कोटी पक्ष्यांमागे तो ९० लाख रुपये होतो. आणि आपल्याकडच्या बहुतांश कोंबड्या गिऱ्हाईकासमोर कापल्या जातात, दोन-चार तासांत शिजतात. त्यांच्यात हे ९० लाख ओतणं म्हणजे पावसात झाडांना पाणी घालणं.

म्हणून, सरकारने मानकच वाढवून सगळ्या खाद्यात ई २०० करावं, अशी जी सूचना अधूनमधून कानावर येते, तिला माझा साफ विरोध आहे. ऐकायला ती गिऱ्हाइकाच्या भल्याची वाटते. पण फायदा फक्त टिकवलेल्या मांसाला होणार, खर्च मात्र चौकात कोंबडी घेणाऱ्यावरही पडणार, आणि पैसा जाणार कुठे? कृत्रिम ई बनवणारे कारखाने जगात मोजके आहेत, युरोपात आणि चीनमध्ये. आपण बहुतांश माल बाहेरून आणतो. जर्मनीत लुडविगशाफेनला बीएएसएफच्या कारखान्यात २०१७ मध्ये आग लागली, पुन्हा २०२४ च्या जुलैत लागली, आणि दोन्ही वेळा जगभर ई चे भाव भडकले. त्याआधीचा इतिहास तर आगीपेक्षा वाईट आहे. नव्वदच्या दशकात जगातल्या मोठ्या व्हिटॅमिन कंपन्या एकत्र बसून भाव आणि बाजारातले हिस्से ठरवत होत्या, ई सकट. १९९९ मध्ये अमेरिकेत हॉफमन-ला रोशला ५० कोटी डॉलर आणि बीएएसएफला २२.५ कोटी डॉलर दंड झाला, २००१ मध्ये युरोपीय आयोगाने आठ कंपन्यांना मिळून ८५ कोटी युरोंहून जास्त दंड ठोठावला. अशा बाजारात कायद्याने गिऱ्हाईक बांधून द्यायचं, तर आधी दहा वेळा विचार केलेला बरा.

उलट बाजूला जे म्हणतात, "भारतात या भानगडी हव्यातच कशाला, आपली ताजी कोंबडी बरी," त्यांचंही मला पटत नाही. बाजार बदललेला आहे. पुण्या-मुंबईत, नाशकात, आता सांगली-लातूरसारख्या ठिकाणीही पाकीटबंद चिकन मिळतं. हॉटेलांना कापलेला, मोजलेला माल हवा असतो. आणि खाद्यही बदललं आहे, ही बाब मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं. साखर कारखान्यांची ती बातमी सगळ्यांनी वाचली. पण तिचा दुसरा पाय कोंबडीच्या शेडमध्ये पडला. इथेनॉल मक्याकडे वळलं आणि २०२३-२४ मध्ये मका हा इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल झाला. मका म्हणजे कोंबडीच्या खाद्याचा अर्ध्याहून जास्त भाग. तो महागला, आणि त्याच्या जागी इथेनॉल काढून उरलेला चोथा, ज्याला सगळे डीडीजीएस म्हणतात, स्वस्त प्रथिन म्हणून खाद्यात शिरला. सोयाबीनची पेंड मागे पडली. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये असताना मराठवाड्यातला शेतकरी त्याहून कितीतरी कमी भावाने विकत होता, त्याची कारणं अनेक, पण हा चोथा त्यातलं एक.

मक्यातला पिठूळ भाग आंबवून काढून घेतला की बाकी सगळं तिपटीच्या घरात दाट होतं. मक्यात साडेतीन-चार टक्के तेल असतं, तेल वेगळं न काढलेल्या डीडीजीएसमध्ये ते दहाच्या आसपास जातं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त असंतृप्त लिनोलेइक आम्ल. (मक्यातलं बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, तेही तसंच तिप्पट दाट होतं. तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि जास्त गंभीर.) पक्षी जे तेल खातो तशीच त्याची चरबी होते. चोथा वाढला की चरबी आणखी मऊ, मांस आणखी लवकर खवट, म्हणजे ई ची गरज जास्त. खाद्याचा खर्च एका दारातून कमी झाला आणि मांसाच्या टिकाऊपणाचं नुकसान दुसऱ्या दारातून आत आलं. जिवंत पक्षी वजनावर विकणाऱ्याला या नुकसानीशी देणंघेणं नाही, कारण काट्यावर खवटपणा दिसत नाही. आपला सगळा बाजार काट्यावर उभा आहे. लिफ्टिंगच्या दिवसाचा दर, सरासरी वजन, मरतूक, एफसीआर, बस. शेतकऱ्याच्या हिशेबाच्या कागदावर मांसाच्या प्रतीसाठी एकही रकाना नाही.

या पावडरीने काय होत नाही, तेही सांगायला हवं, कारण विकणारे ते सांगणार नाहीत. ई जंतू मारत नाही. दुकानातलं फ्रीज रात्री बंद ठेवलं, तर खाद्यात २०० असो की २०००, कोंबडी नासणारच. अलीकडे मोठ्या पक्ष्यांच्या छातीवर चरबीच्या पांढऱ्या रेषा दिसतात. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ पासून ४०० एककांपर्यंत ई देऊन पाहिलं, रेषा काही कमी झाल्या नाहीत. तो दोष वाढीच्या वेगाचा आहे. मांसातून सुटणाऱ्या पाण्याबाबत निष्कर्ष उलटसुलट आहेत. आणि "व्हिटॅमिन ई युक्त चिकन" असं पाकिटावर दिसलं तर त्यासाठी दहा रुपये जास्त देऊ नका. भरपूर ई खाल्लेल्या कोंबडीच्या शंभर ग्रॅम मांसातून फार तर एक-दोन मिलिग्रॅम मिळतं. जेवणाचा एक मोठा चमचा सूर्यफूल तेल त्याहून कितीतरी जास्त देतं. कोंबडीला दिलेलं ई मांसाच्या रक्षणासाठी आहे, खाणाऱ्याच्या पोषणासाठी नाही. कोंबडीला हार्मोनची इंजेक्शनं देतात ही आपल्याकडची जुनी आवई जितकी निराधार, तितकीच ही नवी जाहिरातही पोकळ. एक भीती विकते, दुसरी आशा.

बाहेरून आणलेल्या पावडरीला घरचा पर्याय आहे का? आहे, निदान शोधण्याजोगा. स्पेनमध्ये २००७ च्या सुमारास वाइन गाळून उरलेला द्राक्षांचा चोथा ब्रॉयलरच्या खाद्यात घालून पाहिला, आणि मांसाचा खवटपणा रोखण्यात तो ई च्या तोडीला उतरला. नाशिकच्या वायनरींच्या मागे हा चोथा दर हंगामात साचतो. सोलापूर-सांगोल्याकडे डाळिंबाचा रस काढून उरलेल्या साली आहेत. अडचणीही खऱ्या आहेत. चोथ्यात टॅनिन असतं आणि त्याने प्रथिनांचं पचन बिघडतं, ओला माल वाळवायला इंधन लागतं, द्राक्षावर मारलेल्या औषधांचा अंश तपासावा लागतो. पण नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या हद्दीतला हा प्रश्न आहे. दहा ठिकाणी ई चे तेच-ते प्रयोग पुन्हा करण्यापेक्षा नाशिकच्या चोथ्यावर एक मोठा, खऱ्या शेडमधला, उन्हाळ्यातला प्रयोग व्हावा.

मग मागायचं काय? ई ची सक्ती नको, ई ची माहिती हवी. कोंबडी खाद्यासाठी आयएस १३७४ हे भारतीय मानक आहे, पण मानक असणं वेगळं आणि शेडच्या दारात उतरलेल्या पोत्यावर ते वाचता येणं वेगळं. पोत्यावर प्रथिनं, तेल, तंतू, ओलावा छापलेले असतात. त्याच चिठ्ठीवर आणखी दोन ओळी छापायला किती शाई लागते? किलोमागे घातलेलं ई किती, आणि डीडीजीएस किती टक्के. कंपन्या म्हणतील, फॉर्म्युला हे आमचं गुपित आहे. मक्या-सोयाच्या प्रमाणाचं गुपित मी मान्य करतो. पण ज्या घटकाची भरपाई शेतकरी बाटलीने करतो आहे, तो घटक त्याच्यापासून गुपित कसा राहू शकतो?

दुसरं टोक दुकानातलं. पाकिटावर पॅकिंगची तारीख असते, त्याऐवजी पक्षी कापल्याची तारीख हवी, आणि माल एकदा गोठवून पुन्हा विरघळवलेला असेल तर तसं स्पष्ट मराठीत लिहिलेलं हवं. ऑगस्टमध्ये कापलेली कोंबडी डिसेंबरात "फ्रेश" म्हणून विकली तरी गिऱ्हाइकाला कळत नाही तोवर कुणी फॉर्म्युला ठरवणारा शेवटच्या चार आठवड्यांत ९० पैसे घालणार नाही. त्याला घालायचं कारणच काय? तारीख उघडी पडली की ज्याला चार महिने मांस टिकवून विकायचं आहे त्याला खवटपणाचा खर्च स्वतः उचलावा लागेल. तो ई ने उचलेल, द्राक्षाच्या चोथ्याने उचलेल, नाहीतर डीडीजीएस कमी करून. ते त्याचं त्याने ठरवावं. फक्त ते ९० पैसे पक्षी वाढवण्याच्या मोबदल्यातून शेतकऱ्याकडून वसूल होऊ नयेत, आणि त्यासाठी करारात खाद्याच्या प्रतीचा खर्च एफसीआरच्या हिशेबाबाहेर ठेवणारं कलम लागेल.

मागच्या महिन्यात भावाकडे गेलो तेव्हा फिनिशरची, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या खाद्याची, नवीन पोती उतरत होती. मी एकाची चिठ्ठी उलटून-पालटून वाचली. वजन होतं, बॅच नंबर होता, प्रथिनं होती, वाळू-राख किती टक्क्यांपर्यंत तेही होतं. भाऊ म्हणाला, काय शोधतोस? मी सांगितलं. तो आत गेला आणि खिडकीतली अर्धी झालेली ई-सेलेनियमची बाटली घेऊन आला. तिच्यावर मात्र प्रत्येक घटक मिलिग्रॅममध्ये छापलेला होता.